वाळूचं कूळ

बाबांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढायच्या आधीच म्हणाले, "घे, तुझी वाळू आली. आपल्या घरामागची आहे, फुकट." चुलतभाऊ गणपतीला गावी गेला होता, येताना त्याने रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून तो डबा भरून आणला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं झाली, बाबांना गावी जाता आलेलं नाही. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी लावायची, त्यात प्रवाळ ठेवायचे, हा घाट मी घातला त्यात माझी हौस होतीच, पण बाबांना खुर्चीत बसल्याबसल्या समुद्राचा एक तुकडा दिसावा, हेही मनात होतं. त्यामुळे तो डबा बघून माझ्या पोटात गोळा आला. ती वाळू मी टाकीत घालणार नव्हते, आणि का घालणार नाही हे त्यांना पटेल असं सांगायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

"वाळूत काय एवढं बघायचं?" असं मला अनेकांनी विचारलं. दिवा बिघडला तर बदलता येतो, पंप बदलता येतो, पाणी तर आपण दर आठवड्याला थोडं बदलतोच. वाळूचं तसं नाही. तिच्यावर खडक बसतात, खडकांवर प्रवाळ धरतात, कणाकणावर बॅक्टेरिया वस्ती करतात. सहा महिन्यांनी कळलं की वाळूत खोट आहे, तर अख्खी टाकी मोडावी लागते. आणि जुनी वाळू ढवळली की तिच्यात साचलेली घाण पाण्यात येते, ती वेगळीच. हे मी ऐकून सांगत नाही.

पाच वर्षांपूर्वी मी दोन फुटी मरीन टाकी केली होती. हा छंद सोडलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची जुनी वाळू मला अशीच देऊन टाकली. पांढरीशुभ्र, बारीक, हातात घेतली की मऊ लागायची. मी ती धुतली आणि घातली. मासे व्यवस्थित होते. पण आणलेल्या गोगलगायी दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवरून सुटून तळाशी पडलेल्या दिसल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा तेच. साफसफाई करणारी एक कोळंबी आणली, ती एक रात्र जगली. खारटपणा, तापमान, अमोनिया, सगळं जागेवर. तीन आठवडे डोकं फोडल्यावर तांब्याचं टेस्ट किट आणलं आणि उत्तर मिळालं. त्या गृहस्थांनी कधीतरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध टाकलं होतं. मोजून दिलं तर मासे तांबं सोसतात. गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ यांना मात्र ते अगदी थोडंसुद्धा चालत नाही. आणि कॅल्शियम कार्बोनेटची वाळू, तसेच खडक, हे तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडत राहतात. नळाखाली कितीही धुतलं तरी ते जात नाही. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, ते विसरले होते. पण त्या अकरा गोगलगायी आणि ती कोळंबी माझ्या हातून गेली, ते मी विसरलेले नाही. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा टाकी केली, तर जिचं कूळ माहीत नाही ती वाळू घरात घ्यायची नाही.

आता कूळ बघायचं म्हणजे दगड ओळखणारं माणूस हवं. माझी मावसबहीण, मंदाताई, भूशास्त्र शिकलेली आहे, सिंहगड रोडला राहते. तिच्याकडे बाबांच्या डब्यातली वाटीभर वाळू घेऊन गेले. जाताना पुलाशी थांबून मुठेच्या पात्रातलीही चिमूटभर वाळू कागदात घेतली. ताईने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि आधी मुठेच्या वाळूवरून फिरवलं. पिशवीला काळी दाढी फुटली! बारीक काळे कण एकमेकांना धरून केसांसारखे उभे राहिले होते. मग गावच्या वाळूवरून फिरवलं. तिथेही दाढी, जरा पातळ, पण तशीच काळी.

"हे सगळं आपल्या पायाखालचंच आहे," ताई म्हणाली. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा बेसॉल्ट झाला. सह्याद्री त्याचा, पुणे त्याच्यावर. मुळा-मुठा तोच दगड कुटून वाळू करतात आणि कोकणातल्या नद्याही तेच करून समुद्रावर नेऊन टाकतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं, ते चुंबकाला चिकटतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाची, काळी वाळू प्रसिद्धच आहे, मांडवीचा किनारा काळा दिसतो तो उगाच नाही. हे कण पाण्यात लगेच विरघळतात असं नाही. पण टाकीची काच आपण आतबाहेरच्या चुंबकाने पुसतो. एक काळा कण त्या चुंबकाला चिकटला आणि आपण हात फिरवला की काचेवर कायमचा ओरखडा. शिवाय त्या वाळूबरोबर मातीचा अंश येतो, किनाऱ्यावर काय काय सांडलेलं असतं ते येतं.

गावच्या वाळूत पांढरे तुकडेही होते. ताईने त्यावर व्हिनेगर टाकलं. पांढऱ्या कणांवर बारीक बुडबुडे आले, काळे कण ढिम्म. पांढरे म्हणजे शिंपल्यांचा चुरा, कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. ही परीक्षा आम्हा टाकीवाल्यांत जो तो सांगतो, व्हिनेगरने फसफसलं की वाळू चांगली. ताई म्हणाली, "थांब." आणि गॅलरीतल्या कुंडीच्या मातीतून तिने एक मळकट पांढरा खडा काढला. काळ्या मातीत सापडतात तसली चुनखडी. तीही फसफसली. मग फरशीच्या संगमरवराचा तुकडा, तोही. "बघ, सगळे पास झाले. आता कुंडीतला खडा टाकीत घालशील का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की व्हिनेगर एवढंच सांगतं की हे कार्बोनेट आहे. त्यात शेवाळाला खत ठरणारं फॉस्फेट आहे का, तांबं आहे का, ते कुठून आलं, यातलं काहीच सांगत नाही. माझ्या जुन्या टाकीतली ती पांढरीशुभ्र वाळूही व्हिनेगरमध्ये मस्त फसफसली असती.

दुकानात 'ॲरगोनाइट' म्हणून जी आयात वाळू मिळते ती काय चीज आहे, हेही मला त्या दिवशी नीट कळलं. ॲरगोनाइट आणि कॅल्साइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, स्फटिकाची घडण तेवढी वेगळी. संगमरवर, चुनखडी ही बहुतेक कॅल्साइटची. प्रवाळाचा सांगाडा ॲरगोनाइटचा. बहामाजच्या उथळ, कोमट समुद्रातून येणाऱ्या बारीक वाळूचे कण तर गोल असतात. ताईने मला भिंगातून दाखवले, तिच्याकडे कॉलेजच्या दिवसांपासून एक नमुन्याची बाटली आहे. अगदी एकसारखे, मोत्याच्या झाकेचे. मी विचारलं, कोणी घासून केलेत का? ताई हसली. "मावशी संक्रांतीला हलवा करायची तो आठवतो?"

आठवतो की. आई अजूनही करते. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. दाण्यावर पाकाचा एक पापुद्रा बसतो, सुकतो, वर दुसरा. ताई म्हणाली, समुद्रात हेच चालतं. शिंपल्याचा एक बारीकसा कपचा लाटेने तळावर लोळत राहतो आणि पाण्यातलं कार्बोनेट त्याच्यावर थराथराने बसत जातं. फक्त काटा धरत नाही, घासून घासून गुळगुळीत होतो. घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एवढा हलवा कोणी केला असेल गं!" मला वाटतं, त्या वाळूबद्दल यापेक्षा चांगलं कोणी काही बोललेलं नाही.

प्रश्न उरला पैशांचा. नऊ किलोच्या कोरड्या ॲरगोनाइटच्या पिशवीला मला ३,९०० रुपये सांगितले. ओली, बॅक्टेरियासकट येणारी 'लाइव्ह' वाळू त्याहून महाग. माझी टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. दुकानदाराने ऐकताच सांगितलं, दोन इंच थर तरी पाहिजेच, चार पिशव्या घ्या. म्हणजे १५,६०० रुपये निव्वळ वाळूचे. दिवे, पंप आणि मीठ घेऊन झाल्यावर एवढे माझ्याकडे नव्हते. म्हणून मी पुण्यात स्वस्तात काय मिळतं ते शोधायला निघाले.

पहिलंच जे पुढे आलं ते सांगायला हवं, कारण ते इतरांच्याही पुढे येईल. एका विक्रेत्याने 'देशी कोरल सँड' अगदी निम्म्याहून कमी भावात देऊ केली. पिशवीत हात घातला तर बोटाएवढ्या फांद्या, त्यांवर छोट्या छोट्या चांदण्यांसारखी छिद्रं. प्रवाळ होता तो, आपल्याच कुठल्यातरी समुद्रातून तोडून कुटलेला. आपल्या देशात खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला, वाळलेला, चुरा केलेला, काहीही असो, तो विकत घेणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, प्रवाळ जगवण्यासाठी प्रवाळ कुटून तळाशी अंथरायचा हे मला सहनच झालं नसतं. पिशवी परत ठेवली आणि बाहेर आले. त्या फांद्या हाताला लागल्या ते अजून आठवतं.

मार्केट यार्डाच्या बाजूला कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळतो. अंड्यांची कवचं घट्ट व्हावीत म्हणून तो कोंबड्यांना घालतात. वीस रुपये किलो. कोकणात जन्मलेल्या माणसाला तो बघून बरं वाटतं, पण तुकडे चपटे आणि धारदार, आणि नाकाजवळ नेला की किंचित सुक्या मासळीचा वास. दोन किलो घेतला. भोसरीला पाणी शुद्ध करायच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्यांकडे धुतलेली सिलिका वाळू मिळाली, बारा रुपये किलो. जलतरण तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात तीच, एकसारख्या कणांची. तीही दोन किलो. वाघोलीकडच्या क्रशरची बांधकामाची वाळू कोणीतरी सुचवली, पण ती बेसॉल्टच, वर दगडाची भुकटी, तिचा विचारच केला नाही. आईने मनापासून सुचवलं, रांगोळी घाल, पांढरी असते. ती पिठासारखी बारीक, पंपाच्या पहिल्या झोताबरोबर पाणी दुधासारखं झालं असतं. आईला ते लगेच पटलं, तिने आयुष्यभर रांगोळी वाऱ्याने उडताना पाहिली आहे.

मग मी बरण्या मांडल्या. लोणच्याच्या काचेच्या पाच बरण्या, गरम पाण्याने धुऊन, शेवटी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन लावून काढलेल्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या पाण्याने विसळून. प्रत्येकीत त्याच मिठाचं, लिटरला ३५ ग्रॅमचं पाणी, आणि एकेक वाटी वाळू. पहिलीत गावची, दुसरीत शिंपल्याचा चुरा, तिसरीत सिलिका, चौथीत ॲरगोनाइट, जी एका टाकीवाल्या मित्राने त्याच्या उघड्या पिशवीतून दिली. पाचवीत माझी ती जुनी तांब्याची वाळू, जी मी माळ्यावर बांधून ठेवली होती. ती मुद्दाम, किट खरं बोलतंय का ते कळावं म्हणून. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खिडकीपासून लांब, फ्रिजच्या शेजारी आठवडाभर ठेवल्या. रोज एकदा चमच्याने ढवळायच्या. प्रत्येक बरणीला स्वतःचा चमचा.

तिसऱ्या दिवशी शिंपल्याच्या बरणीला वास सुटला. पाणी पिवळसर. आठवड्याने फॉस्फेट मोजलं तर सगळ्यात जास्त तिच्यातच. शिंपल्यात मांसाचा अंश राहिलेला असतो, तो कुजतो. ब्लीचमध्ये भिजवून, उन्हात वाळवून तो काढता येईल, पण चपट्या तुकड्यांच्या फटीत माशांची घाण अडकत राहणार ती राहणारच. गावच्या बरणीतलं पाणी गढूळ राहिलं, फॉस्फेट थोडं होतं. सिलिकाच्या बरणीत काहीही घडलं नाही, आकडे जसेच्या तसे. ॲरगोनाइटमध्येही जवळजवळ तसंच, क्षारता किंचित खाली, किटच्या चुकीच्या आत. आणि पाचवीत, पाच वर्षं कोरडी पडून असलेल्या त्या वाळूने आठवड्यात पाण्यात तांबं सोडलं होतं. फिकट खूण, पण होती. मी ती नळी बराच वेळ उजेडात धरून बसले.

सिलिकाबद्दल मला इथे सरळ सांगायचं आहे, कारण तिची बदनामी फार झाली आहे. सिलिका घातली की तपकिरी शेवाळ होतं, असं सगळे म्हणतात. ते डायटम नावाचे सूक्ष्म जीव असतात, त्यांना पाण्यात विरघळलेली सिलिका लागते हे खरं. पण ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. डायटमना सिलिका मिळते ती बहुतेक नळाच्या पाण्यातून. म्हणूनच डीआय रेझिनवर खर्च करणं मला वाळूपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. हात अगदीच आखडता असेल तर धुतलेली, गोलसर कणांची फिल्टर सिलिका ही सुरक्षित निवड आहे, असं मी आज कोणालाही सांगेन. फक्त ती कोरडी असताना ओतू नये, चाळू नये. तिची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट असते. आधी भिजवायची, मग हात लावायचा.

मी ती घेतली नाही, ते गोबी नावाच्या माशामुळे. मला पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्याबरोबर राहणारी पिस्तूल कोळंबी ठेवायची होती. कोळंबी दिवसभर बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो, वाळू तोंडात घेऊन बाहेर टाकतो. माझ्याकडच्या सिलिकाचे कण भिंगाखाली टोकदार होते. ॲरगोनाइटचे गोल. माशाच्या तोंडात, कल्ल्यांत जाणार ते गोल असलेले बरे. ॲरगोनाइट पाण्याचा पीएच सांभाळतं, म्हणून मी ते घेतलं असं मात्र नाही. दुकानात तसं सांगतात. प्रवाळांच्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि त्या पाण्यात ॲरगोनाइट विरघळायला बघत नाही. त्याला त्याहून बरंच आंबट पाणी लागतं, जे जाड थराच्या आत, बॅक्टेरियांच्या वस्तीत तयार होऊ शकतं. इंचभर थराकडून कॅल्शियमची अपेक्षा ठेवणं चूक. ते वेगळं मोजून घालावंच लागतं.

मग हिशोब पुन्हा मांडला. कण सुचवताना लोक मिलिमीटर सांगतात, आईने स्वयंपाकघरातली मापं काढली. पिठीसाखर नको, उडते. साबुदाणाही नको, त्याच्या फटीत घाण बसते. बारीक रव्यापासून जाड्या रव्यापर्यंत चालेल, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून दीडपर्यंत. खोलीचा विचार केला तर पाच सेंटिमीटरसाठी वीस लिटर वाळू लागत होती. एका लिटरच्या मापात ती साधारण दीड किलो भरली, म्हणजे तीस किलो. पण खडक वाळूवर ठेवायचेच नसतात. खणणारी कोळंबी खालून पोखरते आणि खडक कलंडतो. ते आधी काचेवर टेकवून पक्के करायचे आणि वाळू भोवताली घालायची. माझे खडक तळाची जवळजवळ पाव जागा अडवत होते. उरलेल्या जागेत अडीच सेंटिमीटर थर धरला तर साडेसात लिटरच्या आसपास, साडेअकरा किलो. चारऐवजी सव्वा पिशवी.

ती सव्वा पिशवी जमवायला पिंपरीतला तो टाकीवाला मित्रच कामी आला. त्याला सहा किलो हवी होती. आम्ही दोन बंद पिशव्या एकाच दुकानातून बिलासकट घेतल्या, एक पूर्ण माझी, दुसरीतली तीन किलो माझी, सहा त्याची. मला बारा किलो ५,२०० रुपयांत मिळाली. पंधरा हजारांची गोष्ट पाच हजारांत आली, आणि एकही कण असा नव्हता जो कुठून आला ते मला माहीत नाही.

धुवायचा दिवस नेमका गुरुवार निघाला आणि गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद. शुक्रवारी सकाळी गॅलरीत बादल्या मांडल्या. दोन दोन किलोचा एकेक घाणा. पहिलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं, हात दिसेनासा. हाताने खालून वर ढवळायचं, दहा आकडे मोजायचे, जड कण खाली बसले की वरचं ओतून द्यायचं. सातव्या पाण्याला बोटं दिसायला लागली, अकराव्याला तळ. शेवटचं पाणी शून्य टीडीएसचं. सगळं संपेपर्यंत दुपारचे दोन वाजले, कंबर मोडली होती, आणि बाबा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून सगळा वेळ बसले होते. त्यांनी ओल्या वाळूची मूठ घेतली, बोटांतून सोडली. म्हणाले, "यात काळं काहीच नाही."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. चुंबकाची दाढी, बरण्या, गोगलगायी. आणि हेही, की किनाऱ्यावरची वाळू उचलायला आता मनाई आहे. डबाभर म्हणजे काय मोठं, असं आपल्याला वाटतं, पण प्रत्येकाला तसंच वाटतं आणि किनारा एकच आहे. त्यांनी ऐकून घेतलं. लहानपणी घर सारवायच्या वेळी अंगणात घालायला ते टोपल्याने वाळू आणायचे, ते सांगितलं. मग म्हणाले, "शिमग्याला पोरगा जाईल, त्याच्याबरोबर परत पाठव." डबा धुऊन पुसून, झाकण दोरीने बांधून फडताळात ठेवला. होळीला तो गेला, आणि चुलतभावाने समुद्रावर डबा उपडा करतानाचा फोटो बाबांना पाठवला.

टाकीत वाळू घालताना पीव्हीसीचा रुंद पाइप तळाला टेकवून त्यातून सोडली, तरी दोन दिवस पाण्यावर धुकं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी खडक दिसले. बॅक्टेरियांची वस्ती बसून अमोनिया चढून उतरायला, मग नायट्राइट उतरायला सहा आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. डायटमच. सिलिकाचा एक कण न घालता! मी काही केलं नाही, तीन आठवड्यांत ती आपोआप गेली. मग वाळूत पुरून राहणाऱ्या चार नॅसॅरियस गोगलगायी सोडल्या. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सहाला दिवा लावून बघितलं तर वाळूतून चार सोंडा वर आलेल्या होत्या. चिमूटभर खाणं टाकलं तशा चौघी वाळू फोडून बाहेर आल्या आणि धावल्या, गोगलगाय धावते असं म्हणता येत असेल तर. मी आईला उठवलं.

गोबी आणि कोळंबी येऊन आता चार महिने झाले. डाव्या कोपऱ्यात मी थर मुद्दाम दुप्पट ठेवला होता, त्यांनी मात्र उजवीकडच्या खडकाखाली घर केलं. कोळंबी आतून वाळू ढकलत आणते, ट्रॅक्टरसारखी, एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून, कारण तिला धड दिसत नाही. गोबीने शेपटी हलवली की आत पळायचं, एवढी त्यांची भाषा. बाबा संध्याकाळचा चहा टाकीसमोर घेतात. परवा मी ऑफिसमधून आले तर ते पुढे वाकून काचेजवळ गेले होते. मला बघून म्हणाले, "हा तुझा पिवळा मासा कुठे बघितलाय ते आठवलं. खाजणात चिखलावर निवट्या उड्या मारायच्या, डोळे असेच वर. ह्यांच्याच गोतावळ्यातल्या असणार." मी ताईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काका बरोबर आहेत, निवटी गोबींच्याच नात्यातली." बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा बिळाकडे बघायला लागले. कोळंबीने एक मोठा ढीग बाहेर आणून टाकला होता.